शेवटची तुकडी

"शाळा बंद झाली म्हणून आठवणी थोड्याच जातात? ग्रुप आहे की आपला!" गावच्या शाळेचा पट घसरायला लागल्यापासून आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे वरचेवर ऐकू येतं. 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार सरकारनं 2023 मध्ये पुढे आणला. पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळा हे त्याचे नमुने. तेव्हापासून गावोगाव वाद चालू आहे. मी उत्तर जर्मनीत, कीलला राहतो. इथल्या एका बंद पडलेल्या शाळेची गोष्ट कळल्यापासून ग्रुपवरचं ते बोलणं मला सहन होत नाही.

कीलहून ल्युबेककडे जाताना तळ्याकाठी प्लोन हे छोटं गाव लागतं. महायुद्धानंतर हा मुलूख ब्रिटिशांच्या ताब्यात होता. जर्मन नौदलाच्या रिकाम्या बराकींत त्यांनी 1948 मध्ये किंग आल्फ्रेड स्कूल ही निवासी शाळा काढली, जर्मनीत नेमणुकीवर असलेल्या ब्रिटिशांच्या मुलामुलींसाठी. पहिले मुख्याध्यापक होते फ्रेडी स्पेन्सर चॅपमन. महायुद्धात मलायाच्या (आजच्या मलेशियाच्या) जंगलात जपानी फौजेच्या पिछाडीला तीन वर्षांहून जास्त काळ तग धरलेला हा माणूस! 1959 मध्ये शाळा मिटली. पुढे जर्मन नौदल तिथं परत आलं.

अवघी अकरा वर्षं चाललेली शाळा, पण तिची मुलं पुढे कित्येक दशकं एकमेकांना धरून राहिली. कारण उघड आहे. बापाची बदली झाली की घर, शेजार, देशसुद्धा बदलायचा. "कुठली गं तू?" या प्रश्नाला त्यांच्याकडे शाळेचंच नाव होतं.

तिथं शिकलेल्या एका इंग्रज आजींशी प्लोनला माझं बोलणं झालं. त्यांच्या वहीत मैत्रिणींची नावं होती. आधी माहेरचं आडनाव, मग सासरचं, खाली खोडून खोडून बदललेले पत्ते. मला आमचा ग्रुप आठवला. त्यात जवळजवळ सगळे मुलगेच. वर्गातल्या मुली लग्न होऊन गेल्या, नाव-आडनाव बदललं आणि त्या आम्हाला सापडेनाशा झाल्या. त्यांची माहेरची नावं, जन्मतारखा, वडिलांचा धंदा हे सगळं शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे. शाळा मोडली की ते रजिस्टर दुसऱ्या गावातल्या कुठल्या तरी कपाटात जाणार. मग कोणाची शोधायची छाती होणार?

आता साधा हिशेब बघा. 1959 मध्ये अकरा वर्षांचं असलेलं पोर आज पंचाहत्तरी ओलांडून गेलंय. त्यांच्या यादीत नवीन नाव येणं केव्हाच थांबलं, नावं फक्त कमी होतात. तीही शाळा आता आठवणींतच आहे, आणि ज्यांच्या आठवणीत आहे ती माणसं एकेक करून चालली आहेत.

चार वर्गांना एकच शिक्षक असेल तर शिकवणं कसं होणार, हा समूह शाळावाल्यांचा प्रश्न खोटा नाही. खेळायला भिडू नाही, भांडायलाही कोणी नाही, असं पोराचं बालपण मलाही नको आहे. पण पावसाळ्यात ओढा भरला की सहा वर्षांच्या मुलीनं समूह शाळेत जायचं कसं? गाडी आली नाही तर तिची शाळा बुडणार, आणि पुढेमागे सुटणारही. प्लोनची पोरं घरापासून लांब राहिली, कारण बापाची नोकरीच तशी होती. आमच्या वाडीतल्या पोरांवर ती वेळ का आणायची?

आमच्या ग्रुपवर दर दिवाळीत स्नेहमेळाव्याचा बेत ठरतो. रिसॉर्ट, फेटे, एकसारखे टी-शर्ट. यंदा मी लिहिलंय की मेळावा शाळेच्या ओट्यावर घ्या, तिथं शिकलेल्या बहिणींना माहेरी बोलवा आणि वर्गणीतून दुसऱ्या शिक्षकाच्या मानधनाचं बघा. पट मोजताना सरकार आम्हाला धरत नाही. ग्रामसभेत मात्र आम्हाला हात वर करता येतो, आणि परदेशात असलेल्यांना पैसे पाठवता येतात. माझा वाटा मी कळवला आहे.