नांगर धरणारे जैन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जैन धर्माची तोंडओळख करून देणाऱ्या माझ्या लेखाखालची तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. तिथल्या तिथे दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून ही वेगळी नोंद. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी सार असं : महावीरांनी अडीच हजार वर्षांपूर्वी धर्म स्थापन केला हे सरळ सांगायचं सोडून मी ऋषभदेवांच्या पुराणात शिरलो, अनेकांतवाद म्हणजे ‘तुझंही खरं, माझंही खरं’ असला गुळमुळीतपणा, सल्लेखना (अन्नपाणी हळूहळू सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत) ही आत्महत्याच. आणि ठळक अक्षरांत लिहिलेला तुमचा मुख्य मुद्दा : नांगर फिरला की जीव मरतात म्हणून खरे जैन व्यापारात गेले, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ-हातकणंगल्यातले ऊसवाले जैन मात्र एक तर नावापुरते जैन किंवा त्यांची अहिंसा तरी नावापुरती. जाता जाता नांदणीच्या जैन मठातल्या हत्तिणीवरूनही एक टोला हाणलाय.

ठळक अक्षरं झोंबली, खोटं कशाला बोलू. आमची जमीन शिरोळ तालुक्यात, घर चतुर्थ या जैन जातीचं, आजोबांपासून ऊस. म्हणजे तुमच्या हिशेबात मी नावापुरता. तेव्हा क्रम मोडून तिथूनच सुरू करतो.

नांगराखाली जीव मरतात यात वादच नाही. गांडुळं जातात, मुंग्यांची वारुळं जातात, मुळं खाणारी हुमणी अळी तर आम्ही मुद्दाम वेचून काढतो. ज्या धर्माने एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जिवांची वर्गवारी लावली आणि माती, पाणी, अग्नी, वारा यांतही जीव मानले, त्याला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणता? तुमचाच आक्षेप आचार्य अकलंकदेवांनी बाराशे वर्षांपूर्वी राजवार्तिक या टीकाग्रंथात मांडून ठेवलाय : पाण्यात जंतू, जमिनीवर जंतू, आकाशात जंतू, जंतूंनी भरलेल्या जगात भिक्षू अहिंसक राहणार तरी कसा? म्हणजे शेतकरी सोडाच, मुनीसुद्धा सुटत नाही. श्वास घेतला तरी हिंसा.

यातून वाट निघते ती तत्त्वार्थसूत्र या पायाभूत जैन ग्रंथातल्या व्याख्येने : ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणं हिंसा’. रागलोभाच्या भरात किंवा बेफिकिरीने दुसऱ्याचे प्राण घेणं म्हणजे हिंसा. जीव किती मेले याच्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त वजन, करणाऱ्याच्या मनाला आणि सावधपणाला आहे. हे जैन कर्मविचाराला धरूनच आहे. इथे कर्म म्हणजे देवाने लिहिलेली खातेवही नव्हे. जग निर्माण करणारा, शिक्षा-बक्षीस देणारा देव जैन मानतच नाहीत. कर्म हा सूक्ष्म पुद्गल, म्हणजे जड द्रव्य. मन, वाचा, कायेच्या हालचालीने तो आत्म्याकडे ओढला जातो आणि क्रोध, मान, माया, लोभ या कषायांमुळे चिकटतो. कषाय जितका दाट तितका बंध घट्ट. त्यामुळे तेच कृत्य दोघांनी केलं तरी दोघांच्या पदरी सारखं कर्म पडत नाही.

म्हणून व्रतांचे दोन स्तर केले. मुनींना महाव्रत, म्हणजे पूर्ण पाळायचं; गृहस्थाला अणुव्रत, म्हणजे मर्यादेत पाळायचं. गृहस्थाच्या हिंसेचेही चार प्रकार सांगितले जातात : मारायचंच म्हणून मारणं ती संकल्पी, चूल, दळण, झाडलोट यांत होते ती आरंभी, पोटाच्या धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःचा बचाव करताना होते ती विरोधी. श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, हालत्याचालत्या जिवांची संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची, बाकीची जमेल तितकी कमी करत न्यायची. तेराव्या शतकात माळव्यात होऊन गेलेले पंडित आशाधर सागारधर्मामृत या गृहस्थधर्मावरच्या ग्रंथात हे सांगताना शेतकऱ्याचंच उदाहरण घेतात : ‘घ्नतोऽपि कर्षकादुच्चैः पापोऽघ्नन्नपि धीवरः’. जीव मारणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा, दिवसभरात एकही मासा न गावलेला कोळी जास्त पापी. कारण एकाच्या मनात पीक आहे, दुसऱ्याच्या मनात मासा. हाच दाखला आशाधरांच्या तीनेकशे वर्षं आधी सोमदेवसूरींच्या यशस्तिलकातही येतो. कोळी समाजावर हा अन्यायच आहे असं माझं मत. पोटासाठी जाळं टाकणाऱ्याला असं उदाहरणात टांगणं मला रुचत नाही. पण शेतीबद्दल शास्त्र काय म्हणतं हा तुमचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर याहून स्वच्छ मिळणार नाही.

आणखी एक पाहा. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात जिनसेनाचार्यांनी आदिपुराण रचलं. त्यात ऋषभदेव लोकांना जगण्याचे सहा उद्योग शिकवतात : असी, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प. पहिला तीर्थंकरच शेती शिकवतो, तीही वाणिज्याच्या बरोबरीने. श्वेतांबर आगमांतल्या, म्हणजे धर्मग्रंथांतल्या, उपासकदशांगात आनंद नावाचा श्रावक महावीरांसमोर परिग्रहाची, म्हणजे मालमत्तेची, मर्यादा घालून घेतो. ती मर्यादा किती? पाचशे नांगरांची जमीन आणि दहा-दहा हजार जनावरांचे चार कळप! आमच्या तालुक्यातल्या बड्या बागायतदारालाही घेरी यावी. महावीर त्याला नांगर मोडून दुकान टाक म्हणत नाहीत.

तुमच्या म्हणण्याला आधार अजिबात नाही असं मात्र नाही. श्वेतांबर परंपरेत श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांची यादी आहे आणि तिच्यात जमीन फोडण्याचा धंदा येतो. आचार्य हेमचंद्रांनीही योगशास्त्रात ती दिलीय. गुजरात-राजस्थानातले जैन मोठ्या प्रमाणात व्यापारात गेले हेही खरं. फक्त तो त्या प्रदेशाचा इतिहास आहे. तो उचलून पंचगंगा-कृष्णेच्या काठावर ठेवायचा आणि इथल्या माणसांना खोटं ठरवायचं, हे काही पटत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे साडेचव्वेचाळीस लाख जैनांपैकी चौदा लाख महाराष्ट्रात होते, आणि त्यांतले आमच्यासारखे दक्षिण महाराष्ट्रातले कितीतरी पिढ्यान्‌पिढ्या कुणबिकी करत आलेत.

शिवाय व्यापार म्हणजे आपोआप अहिंसा हे कुणी सांगितलं? अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे डाग, तत्त्वार्थसूत्रात आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून घालणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, चारापाणी तोडणं. ही यादी वाचताना डोळ्यांपुढे कोण येतं? मला तरी बैल येतो. ज्यांच्या दारात जनावर नाही अशा लोकांसाठी असली यादी कुणी कशाला करील?

गळीत हंगामात आमच्या रस्त्याला या. कारखान्याकडे निघालेली बैलगाडी, मोळ्या इतक्या उंच रचलेल्या की गाडीवान मागून दिसत नाही. ओढ्यावरच्या चढाला आतल्या अंगाचा बैल गुडघ्यावर येतो. जुवाखाली खांदा सुजून त्यावर पिवळं पाणी धरलेलं. गाडीवान खाली उतरून चाकामागे दगड लावतो, पराणी टोचतो, शिव्या घालतो आणि मग स्वतःच चाकाला खांदा देतो. त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. खेपेत जितका ऊस जाईल तितकेच त्याला पैसे. पण ऊस माझ्या शेतातला. अतिभारारोपण माझ्या नावावर लागतं की नाही, हे मला विचाराल तर लागतं. पाचट पेटवतो तेव्हाही तेच. कडेने पेटवत नेलं की आतले सरडे, पिल्लं, सापसुरळ्या मध्ये कोंडतात. ते न पेटवता सरीत कुजवता येतं हे माहीत असून पेटवणं ही उद्योगी हिंसा म्हणून खपवता येत नाही, तो शुद्ध प्रमाद, म्हणजे बेफिकिरी. ऊसवाल्या जैनांवर टीका करायचीच तर इथे करा, ऐकून घेईन. नांगर धरला म्हणून करू नका.

हत्तिणीचंही याच मापाने. २०२५ च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशानंतर महादेवी नांदणीच्या मठातून जामनगरला नेली तेव्हा जिल्हा पेटून उठला. मलाही वाईट वाटलं. लहानपणापासून तिला पाहत आलोय. तरी पाच अतिचारांतला पहिला शब्द ‘बंध’ आहे आणि तो आमच्या लाडक्या जनावरालाही लागू होतो. हे गावात बोललो तर दोन-चार जण माझ्याशी बोलायचे बंद होतील, म्हणून इथे लिहितोय.

आता ‘खरे जैन’ कोण, याचा इथला पुरावा. शिलाहार राजांच्या काळात कोल्हापुरात रूपनारायण बसदी, म्हणजे जैन मंदिर, नावाजलेली होती. सामंत निंबदेवाने ती बांधवली, माघनंदींसारखे आचार्य तिच्याशी जोडलेले होते. गंडरादित्य राजाने मिरज प्रांतात तलाव खोदवला तर त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत (जिन) अशा तिघांची स्थापना केली. त्याच्या मुलाने, विजयादित्याने, ११४३ साली पार्श्वनाथाच्या बसदीला दान दिलं, त्यात शेत आहे, घर आहे. बसदीचा खर्चच शेतावर चालायचा. कागलजवळच्या बामणीचा शिलालेखही त्याच राजाचा, तशाच दानाचा.

अलीकडचं बघायचं तर कुंभोज. लोकांना तिथली बाहुबलीची २८ फुटी मूर्ती ठाऊक असते; रयत शिक्षण संस्था उभी करणारे कर्मवीर भाऊराव पाटील त्याच गावात १८८७ साली एका जैन पाटील घराण्यात जन्मले. १८९९ ला स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा निघाली आणि १९०१ मध्ये शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झालं, ते खेड्यापाड्यांतली अशी मुलं शिकावीत म्हणूनच. आणि विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरा ज्यांनी पुन्हा उभी केली ते आचार्य शांतिसागर? दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळच्या भोज गावचे, पाटलाच्या घरचे, शेतीतले. त्यांना नावापुरते जैन म्हणून दाखवा.

उरलेले मुद्दे भरभर घेतो. महावीरांना संस्थापक म्हणण्यात अडचण श्रद्धेची नाही, पुराव्याची आहे. आचारांग या आगमात त्यांचे आईवडील तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथांचे उपासक असल्याचं सांगितलंय. उत्तराध्ययन या दुसऱ्या आगमात पार्श्वपरंपरेतले केशी आणि महावीरांचे शिष्य गौतम यांचा संवाद आहे : तुमचे चार यम, आमची पाच व्रतं, हा फरक का? बौद्धांच्या सामञ्ञफलसुत्तात तर ही चार यमांची शिकवण ‘निगंठ नातपुत्ता’च्या, म्हणजे महावीरांच्याच, तोंडी घातलीय. विरोधकांच्या ग्रंथात जुन्या परंपरेची अशी खूण राहून गेली, यावरून हर्मान याकोबींसारख्या अभ्यासकांनी पार्श्वनाथ ऐतिहासिक मानले. (आम्ही दिगंबर हे आगम प्रमाण मानत नाही, इतिहासाला त्याचं सोयरसुतक नाही.) ऋषभदेव ही परंपरेची श्रद्धा आहे, आणि लेखात मी ‘परंपरेनुसार’ असंच लिहिलंय. पुन्हा बघा.

अनेकांत गुळमुळीत असता तर आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसा या ग्रंथात एकेक एकांतमत, म्हणजे एकच बाजू धरणारं मत, पकडून त्याची चिरफाड केली नसती. त्यांचाच दाखला घ्या : सोन्याचा घट मोडून मुकुट केला. घट हवा होता तो रडला, मुकुट हवा होता तो हसला, सोनं हवं होतं त्याला काहीच वाटलं नाही. कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, कुठल्याही दुकानात हे रोज घडतं. तिघांचं तिघांपुरतं खरं, कारण एकाच वस्तूत नाश, उत्पत्ती आणि टिकून राहणं एकाच वेळी आहे. पण चौथा येऊन ‘ते पितळ होतं’ म्हणाला तर तो चूकच. कोणत्या अंगाने बोलतोय ते सांगून बोला, एवढीच ही अट आहे.

सल्लेखनेवर राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तुमच्यासारखाच निकाल दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शांतिसागरांनी १९५५ साली कुंथलगिरीला सल्लेखनेनेच देह ठेवला. ती आत्महत्या नाही असं मी मानतो, कारण तिथेही कसोटी प्रमादाचीच आहे : राग, भीती, निराशा यांच्या भरात टाकलेला देह वेगळा, शांतपणे सोडलेला वेगळा. ही रेघ दर वेळी बाहेरून ओळखता येते का, घरच्यांचा दबाव असू शकतो का, हे प्रश्न मात्र रास्त आहेत आणि ‘धर्माचा मामला’ म्हणून उडवून लावण्यासारखे नाहीत. त्यावर स्वतंत्र लिहीन.

तुमच्याकडून एकच मागणं. शेती करणाऱ्याला अणुव्रत घेता येत नाही, असं सांगणारं एखादं वचन कुठल्याही दिगंबर श्रावकाचारात (गृहस्थाचे नियम सांगणाऱ्या ग्रंथात) सापडलं तर ग्रंथाचं नाव आणि श्लोक क्रमांक कळवा. तुम्ही दिलं म्हणून लेखात घालीन.