उशीवरच्या चव्वेचाळीस कोजागिऱ्या

कोथरूडच्या आमच्या गल्लीत समोरच्या प्लॉटवर एक बंगला होता. त्यात एक आजी राहायच्या आणि व्हरांड्यात चाळीसचा पिवळा बल्ब. साडेनवाला आजी तो घालवायच्या, मग गल्लीत रात्र व्हायची. आजी गेल्या, बंगला पाडला गेला आणि गेल्या दिवाळीत तिथे सॅनिटरीवेअरचं शोरूम उघडलं.

खाली पुढून सगळी काच. काचेत अकरा कमोड ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या डोक्यावर स्वतंत्र दिवा. एवढी रोषणाई आम्ही गणपतीच्या मखराला कधी केली नाही. नऊला शोरूम बंद होतं, कमोड मात्र रात्रभर जागे. तेही मी चालवून घेतलं असतं. पण वर कठड्यावर, पार्किंगसाठी म्हणून, दोन फ्लडलाइट आहेत. पार्किंग खाली आहे. दिवे समोर बघतात. समोर, तिसऱ्या मजल्यावर, आमची बेडरूम.

पहिल्या रात्री मी उजाडलं समजून उठलो, दात घासले आणि दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं. घड्याळात पावणेतीन. चैत्रात आंब्यावरचा कोकीळही असाच फसला, अडीचलाच सुरू झाला. मी निदान परत येऊन पडलो. त्याला कोण सांगणार?

मग लक्ष्मी रोडवरून जाडजूड पडदे आणले. अंधार झाला, पण वारा बंद. मे महिन्यात परिस्थिती अशी, की पडदा ओढला तर घाम आणि सारला तर कमोड. एकदा खिडकीत उभा असताना मागून आवाज आला, "अहो, रात्री दोन वाजता त्या कमोडांकडे टक लावून काय बघताय? पोट बरंय ना?"

शेवटी मोबाइलवर उजेड मोजायचं अॅप घेतलं आणि फोन उशीवर ठेवला. अकरा लक्स. निरभ्र आकाशात पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असला तरी पाव लक्सच्या आसपासच देतो. म्हणजे माझ्या उशीवर रोज चव्वेचाळीस कोजागिऱ्या, आणि मसाला दूध एकदाही नाही.

आकडा घेऊन एका कार्यालयात गेलो.

"आवाजाची तक्रार आहे का?"

"नाही, उजेडाची."

"दिवा बंद आहे?"

"चालू आहे."

"मग?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "इथे लोक दिवा लावा म्हणून येतात हो."

त्यांचंही खरंच होतं. आवाजाला नियम आहेत. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दुकानाचा उजेड शेजाऱ्याच्या उशीवर किती पडावा, याचा असा बंधनकारक आकडाच नाही. फ्रान्समध्ये २०१३ पासून दुकानांच्या काचेतले दिवे रात्री एकपर्यंत विझवावे लागतात. हे घरी सांगितल्यावर "मग तिकडेच जाऊन झोपा" असं उत्तर मिळालं. आपल्याकडे पेंचच्या व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. थोडक्यात, महाराष्ट्रात मान्यताप्राप्त अंधार हवा तर अंगावर पट्टे हवेत. ज्या पुण्यात १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, तिथे माझ्या खिडकीतून सध्या अकरा कमोडांचा एकच तारकासमूह दिसतो.

शोरूमचा मॅनेजर मुलगा गोड होता. "सर, सिक्युरिटीसाठी आहे."

त्या रात्री सिक्युरिटी बघायलाच खाली उतरलो. वॉचमनमामांनी डोळ्यांवर उजेड येतो म्हणून खुर्ची उचलून भिंतीआड सावलीत नेली होती. तोंडावर पंचा.

"मामा, इथून दुकान दिसत नाही."

"न्हाई दिसत," पंच्याखालून आवाज आला. "पर डोळं तरी मिटत्यात."

आणि फ्लडलाइटकडे बघितल्यावर मलाही भिंतीच्या कडेचं काही दिसेना. डोळे इतके दिपले, की सावली होती त्याहून काळी झाली. तिथून कोणी कमोड खांद्यावर टाकून निघाला असता तर मी त्याला 'शुभ रात्री' म्हटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला दिव्याचं खोकं आणायला लावलं. २०० वॅट, ६५०० केल्विन. म्हणजे निळसर पांढरा, शरीराला दिवस आहे असं वाटायला लावणारा. "त्याऐवजी ३००० चा पिवळसर लावा," मी म्हणालो, "आणि विझवा असं म्हणतच नाही मी. फक्त त्याची मान खाली करा. तुमचं पार्किंग जमिनीवर आहे ना?" त्याने वाकून पार्किंगकडे पाहिलं. ते जमिनीवरच होतं.

पाच महिन्यांनी इलेक्ट्रिशियन आला. शिडी, पाना, एकेक नट. काम चार मिनिटांचं. मी खिडकीतून ओरडत होतो, "अजून खाली! अजून!"

"बास साहेब, एवढंच फिरतंय. नट गंजलाय."

रात्री फोन उशीवर ठेवला. शून्य. पडदे काढले, खिडक्या उघडल्या. वारा आला. इतक्या महिन्यांनी मी डोळ्यांवर हात न ठेवता आडवा झालो.

सव्वाअकराला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे काका, पायजमा-बनियनवर, हातात मोजपट्टी.

"झोपला नव्हतात ना? तुमचे ते जाड पडदे किती बाय कितीचे आहेत हो?"