आधी तिची हजेरी द्या

आज दुपारी सांगलीतल्या एका प्रार्थनासभेत एका गृहस्थांनी साक्ष दिली. हळदीच्या निवडणीची कामं घेणारे, हाताखाली पंधरा-वीस बायका असणारे. आवाज चांगला, डोळ्यांत पाणी. "येशूच्या रक्तानं माझी सगळी पापं धुतली, आता मागचं काही उरलं नाही." सगळे हालेलूया म्हणाले. मागं चटईच्या कडेला बसलेल्या एक मावशी तेवढ्या म्हणाल्या नाहीत. गेल्या हंगामात ह्याच गृहस्थांकडं त्यांनी ४२ दिवस हळद निवडली. ३०० रुपये हजेरी. १२,६०० रुपये होतात. त्यातला एक रुपया त्यांना मिळालेला नाही. सभा सुटल्यावर चपलांपाशी त्या हळूच म्हणाल्या, "दादा, माझं तेवढं बघा की ओ." तर उत्तर आलं, "मावशी, ते जुनं झालं. प्रभूनं धुऊन टाकलंय. आता तुम्ही उकरून काढू नका."

नाव लिहीत नाही. पण "रक्तानं धुतलं, आता उकरू नका" हे वाक्य हल्ली इतक्या तोंडांतून येतं की आज गप्प बसवत नाही. उसने बुडवणारा हेच म्हणतो, भावाची वाटणी गिळणारा हेच म्हणतो, बायकोवर हात टाकणाराही हेच म्हणतो. प्रभूच्या रक्ताची ह्यांनी साबणाची वडी करून टाकली आहे. अरे, आपण पवित्र शास्त्र वाचणारी माणसं आहोत ना? मग लेवीय उघडा, जुन्या करारातलं अर्पणांच्या नियमांचं पुस्तक. कंटाळवाणं म्हणून जे पुस्तक आपण ओलांडून जातो, त्यात रक्ताचं काय करायचं ते अगदी बोटाबोटानं लिहिलेलं आहे.

चौथा अध्याय घ्या. साध्या माणसाच्या हातून चुकून पाप घडलं तर त्यानं पापबली म्हणून निर्दोष बकरी आणायची, नाहीतर मेंढी. अधिकारी असेल तर बोकड. अभिषिक्त याजक, म्हणजे मुख्य पुजारी, चुकला किंवा सगळी मंडळी चुकली तर गोऱ्हा. म्हणजे माणूस जितका मोठा तितका बळी मोठा, हे आधी लक्षात घ्या, कारण आपल्याकडं उलटं चालतं. आणणाऱ्यानं जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि स्वतः कापायचं. याजकाकडं दोरी देऊन बाजूला उभं राहता येत नाही. मग याजकानं बोटानं रक्त घेऊन वेदीच्या शिंगांना लावायचं आणि उरलेलं वेदीच्या पायथ्याशी ओतायचं. ही वेदी पाच हात लांब, पाच हात रुंद, तीन हात उंच, बाभळीच्या लाकडाची आणि पितळेनं मढवलेली. चार कोपऱ्यांना चार शिंगं. चरबी वेदीवर जाळायची. मांस याजकानं पवित्र जागी खायचं, आणणाऱ्याला त्यातला घास नाही. याजकाचं किंवा सगळ्या मंडळीचं पाप असेल तर रक्त आत दर्शनमंडपात, म्हणजे देवाच्या तंबूत जातं, तिथल्या पडद्यासमोर, अंतरपटासमोर सात वेळा शिंपडलं जातं, धूपवेदीच्या शिंगांना लागतं. मग ते मांस कुणीच खात नाही. कातडं, डोकं, पाय, आतडी, शेण, सगळं छावणीबाहेर नेऊन राखेच्या ढिगावर जाळायचं.

आता सांगा, ह्यात रक्त पाप करणाऱ्याच्या अंगावर कुठं आलं? पापबलीचं रक्त त्याला लागतच नाही. ते वेदीला लागतं, पडद्यासमोर पडतं, आणि सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, वर्षातून एकदा, थेट दयासनावर, म्हणजे अगदी आतल्या खोलीतल्या कराराच्या कोशाच्या झाकणावर जातं. लेवीय १६ मध्ये कारणही दिलंय: लोकांच्या अशुद्धतेमुळं पवित्रस्थानासाठी प्रायश्चित्त करायचं. मी पाप इथं बाजारात केलं, पण मळलं देवाचं घर. इतकं ते लांब पोचतं. आणि हे गृहस्थ म्हणतात, माझा शर्ट स्वच्छ झाला, विषय संपला.

मावशींनी जाता जाता जे विचारलं ते ह्या सगळ्या साक्षीपेक्षा मोलाचं होतं. "रक्ताचा तर डाग पडतोय ओ, मग रक्तानं धुतात म्हंजे कसं?" हसू नका. हाच प्रश्न लेवीयातही आहे. सहाव्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय की पापबलीचं रक्त कुणाच्या वस्त्रावर उडालं तर ते वस्त्र पवित्र जागी धुवायचं. मांस शिजवलेलं मडकं फोडायचं. पितळेचं भांडं असेल तर घासून पाण्यानं खळबळून घ्यायचं. मडकं का फोडायचं? माती शोषून घेते, घासून निघत नाही. म्हणजे ज्या रक्तानं प्रायश्चित्त होतं ते रक्त कापडाला मात्र डागच पाडतं. त्याचं काम कपडे धुण्याचं नव्हतंच कधी.

मग काय काम होतं? लेवीय १७:११. शरीराचं जीवन रक्तात आहे आणि तुमच्या जिवाबद्दल प्रायश्चित्तासाठी ते वेदीवर मी दिलं आहे, असं देव म्हणतो. 'मी दिलं आहे' हे शब्द सावकाश वाचा. देव तहानलेला नाही. ५० व्या स्तोत्रात तो स्वतःच विचारतो, मी काय बैलांचं मांस खातो, बोकडांचं रक्त पितो? रक्त म्हणजे जीव, आणि जीव त्याचा आहे, म्हणून इस्राएलानं रक्त खायचं नाही. शिकारीत मारलेल्या पाखराचंसुद्धा रक्त जमिनीवर ओतून मातीनं झाकायचं. इतका मान. वेदीच्या शिंगाला ते लागतं तेव्हा त्या माणसाला दिसतं की माझ्यापायी एक जीव गेला. जे फुकट नव्हतं ते मला दिलं गेलं. हे ज्याला आतून कळलं, तो चपलांपाशी उभ्या असलेल्या मावशीला "उकरू नका" म्हणूच शकत नाही. त्याची जीभच वळणार नाही.

माणसाच्या अंगाला रक्त लागण्याचे प्रसंग लेवीयात आहेत, पण मोजके. एक याजकाच्या दीक्षेचा आणि दुसरा महारोगातून बरं झालेल्याच्या शुद्धीचा. दोन्ही वेळी जागा त्याच: उजव्या कानाची पाळी, उजव्या हाताचा अंगठा, उजव्या पायाचा अंगठा. तो माणूस कुणाचं ऐकणार, हातानं काय करणार, कुठं चालत जाणार, त्यावर खूण, आणि अंगावर थोडं शिंपडणं. डोक्यावरून घागर ओतलेली नाही.

अंगठा म्हटलं आणि मला त्या मावशींचा अंगठा आठवला. हळदीनं पेरांतल्या रेषा इतक्या पिवळ्या झालेल्या की नखाखालीही पिवळंच. हजेरीच्या वहीत ४२ वेळा त्यांनी तो शाईत बुडवून टेकवलाय. त्या वहीतला एक ठसा तरी ह्या गृहस्थांच्या साक्षीत आला का? लेवीय ५ म्हणतं, ज्या बाबतीत पाप केलं ती बाब बोलून कबूल करायची. "सगळी पापं" असं मोघम म्हणून तिथं भागत नव्हतं.

आणि आता जे सांगतो त्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली. लेवीय ६, पहिली सात वचनं. कुणी शेजाऱ्याची ठेव दाबली, लुबाडलं, सापडलेली वस्तू लपवून खोटी शपथ घेतली, तर त्यानं काय करायचं? पूर्ण मुद्दल परत. त्यावर पाचवा हिस्सा जास्त. आणि हे ज्याचं आहे त्याच्या हातात. त्यानंतर मेंढा घेऊन याजकाकडं यायचं. मेंढा दुसऱ्या क्रमांकावर आहे, हे नीट वाचा. गणना ५ मध्ये ह्याचाच पुढचा कायदा आहे: ज्याचं घेतलं तो मेला असेल आणि घ्यायला नातलगही नसेल तर पैसे याजकाला द्यायचे. कुठल्याही वाटेनं गेलात तरी ते पैसे तुमच्या खिशात राहत नाहीत. १२,६०० चा पाचवा हिस्सा २,५२०. एकूण १५,१२०. मग मेंढा. मग रक्त. मग क्षमा.

हजेरीबद्दल तर वेगळा नियमच आहे. लेवीय १९:१३, मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याकडं ठेवू नको. अनुवाद २४ त्याहून कडक: सूर्य मावळायच्या आत दे, कारण त्याचा जीव त्यावर लागलेला असतो. एका रात्रीची परवानगी नाही, आणि इथं पुढचा हंगाम आला.

हो, मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. इब्री १०:४, बैलांच्या आणि बोकडांच्या रक्तानं पापं जात नाहीत, ख्रिस्तानं एकदाच सर्वांसाठी स्वतःला अर्पण केलं, आता नियमशास्त्र कशाला? मान्य. त्यावरच माझाही जीव टांगलेला आहे, दुसरा आधार नाही. कृपा फुकट आहे हेही मान्य. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी येशू आधी गेला, हिशेब नंतर झाला, हे तर मी स्वतः शिकवतो. पण झाला ना हिशेब? अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याला चौपट. लेवीयाचा पाचवा हिस्सा त्याला पुरला नाही. कृपेनं त्याची मूठ उघडली. येशूशेजारी क्रुसावर खिळलेल्या चोरानं काही परत केलं नाही, हेही खरं. त्याचे हात मोकळे नव्हते. तुमचे आहेत.

मागं एका मित्रानं विचारलं होतं, तुमच्या शास्त्रातला बळी आणि आपल्या जत्रेतला नवसाचा बोकड ह्यात फरक काय? त्याला तेव्हा घाईत उत्तर दिलं, ते इथं नीट सांगतो. जत्रेतला बोकड कापून भाऊबंद बोलावून रस्सा वाढतात, त्याच्या जवळ जाणारं लेवीयात शांत्यर्पण आहे. त्यात नवसाचंही अर्पण येतं आणि आणणारा घरच्यांबरोबर खातो. उपकारस्तुतीचं असेल तर त्याच दिवशी संपवायचं. नवसाचं दुसऱ्या दिवशीपर्यंत चालतं, तिसऱ्या दिवशी उरलं तर जाळायचं. साठवता येत नाही म्हणून वाटावंच लागतं. पापबलीचं मात्र जेवण नाही, आणणारा रिकाम्या हातानं घरी जातो. दोन्ही एकच समजून बोलू नका, ना आमच्याबद्दल ना त्यांच्याबद्दल.

आता मावशींसाठी एक गोष्ट, कारण त्या म्हणाल्या, "आमच्यासारखीला बकरी कुठनं परवडायची?" लेवीय ५ वाचा मावशी. बकरी परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे दोन-सव्वादोन लिटरचं माप. त्यावर तेल घालायचं नाही, धूप ठेवायचा नाही. याजक त्यातलं मूठभर वेदीवर जाळतो आणि त्या माणसाला क्षमा होते. रक्ताचा थेंब नाही. "रक्त ओतल्यावाचून क्षमा नाही" हे इब्री ९:२२ आपण पाठ म्हणतो, पण मूळ ग्रीकमध्ये त्याच ओळीत आधी 'जवळजवळ' असा शब्द आहे. त्या 'जवळजवळ'मध्ये गरिबाचं पीठ बसतं. देवानं दार तुमच्या मापाचं ठेवलं होतं मावशी. हे लिहिताना माझा राग जरा उतरला, खरं सांगतो.

पण पुन्हा चढतो. कारण याकोब ५:४ आहे. शेतं कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती आरोळी सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. मजुरी ओरडते! अख्ख्या शास्त्रात असं ओरडणारं आणखी काय आहे आठवा. उत्पत्ती ४, सख्ख्या भावानं मारलेल्या हाबेलाचं रक्त जमिनीतून ओरडतं. आणि इब्री १२:२४ म्हणतं, येशूचं शिंपडलेलं रक्त हाबेलाच्या रक्तापेक्षा उत्तम बोलतं. उत्तम बोलतं, म्हणजे दुसऱ्याचा आवाज दाबतं असं कुणी शिकवलं तुम्हाला? ज्या कानी ते रक्त बोलतं त्याच कानी त्या ४२ दिवसांची हजेरी ओरडते आहे.

येत्या रविवारी प्रभुभोजन आहे, येशूच्या शरीराची आणि रक्ताची आठवण म्हणून भाकर आणि पेला घेण्याचा विधी. १ करिंथ ११ वाचलं जाईल, अयोग्य प्रकारे खाल-प्याल तर प्रभूच्या शरीराबद्दल आणि रक्ताबद्दल दोषी ठराल, आणि सगळे डोळे मिटून बसतील. त्या करिंथकरांचा अयोग्यपणा काय होता ते दहा ओळी वर लिहिलंय: आधी आलेले आपापलं जेवून घ्यायचे आणि ज्यांच्याकडं काही नाही ते उपाशी राहून लाजिरवाणे व्हायचे. पेल्याच्या एका बाजूला हे गृहस्थ बसतील आणि मागच्या रांगेत मावशी. मत्तय ५ मध्ये प्रभूनं ह्याच वेळेसाठी सांगितलंय की अर्पण वेदीपुढं तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये.

दादा, तुम्ही ही पोस्ट वाचणार हे मला माहीत आहे. शनिवारपर्यंत वेळ आहे. १५,१२० रुपये. मावशींकडं साधा फोन आहे, ऑनलाइन पाठवून उपयोग नाही. रोख न्या, घरी जाऊन द्या, आणि हजेरीच्या वहीत त्यांच्यासमोर 'दिले' असं लिहा. अंगठा त्या देतील.