क्लिओपात्राची वळकटी आणि बापाचं कर्ज

परवा फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड आला. गाढविणीच्या दुधाने अंघोळ करणारी, सीझर आणि अँटनीला नादी लावणारी क्लिओपात्रा, जगातली सगळ्यात सुंदर बाई वगैरे वगैरे. दोन दिवस गप्प बसले पण राहवत नाहीये म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे, सवडीने वाचा.

ही गोष्ट रूपापासून नाही, कर्जापासून सुरू होते. तिच्या वडिलांच्या कर्जापासून. इजिप्तचा राजा बारावा टॉलेमी, बासरीवाला राजा म्हणूनच लोक ओळखायचे त्याला. गादी टिकवायची तर रोमचा शिक्का हवा, म्हणून त्याने सीझर आणि पॉम्पे या रोमच्या दोन बड्या सेनापतींना ६,००० टॅलेंट (चांदीच्या वजनावर मोजायची तेव्हाची मोठी रक्कम) कबूल केले, आणि असले पैसे उभे करायला रोमच्याच सावकारांच्या दारात गेला. फेडायचे कुणी तर प्रजेने. इसपू ५८ मध्ये लोकांनी त्याला हाकलून दिला, मोठी मुलगी बेरेनिकी गादीवर बसली. ५५ मध्ये गॅबिनियस नावाचा रोमन सुभेदार फौज घेऊन आला आणि याला परत बसवून गेला, ती बोली १०,००० टॅलेंटची. परत आल्यावर याने पहिलं काम काय केलं तर बेरेनिकीला मारलं. आणि दुसरं, राबिरियस नावाच्या सावकारालाच इजिप्तच्या तिजोरीवर नेमलं. ज्याचं देणं तोच खजिनदार! क्लिओपात्रा तेव्हा १४ वर्षांची होती, हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

मी बरीच वर्षं एका पतसंस्थेत वसुलीचं काम केलंय. कर्जदार गेला की समोर येऊन बसते ती बायको नाहीतर मुलगी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद, आणि बापाने कुठेकुठे सह्या केल्यात हे तिला आमच्याकडूनच कळतं. म्हणून मला ५१ सालची क्लिओपात्रा लगेच समजते. बाप गेला, ही १८ ची, सोबत राजा म्हणून दहा वर्षांचा भाऊ, त्यात नाईलला पूर कमी आलेला. नाईलचा पूर कमी म्हणजे पीक नाही आणि पीक नाही म्हणजे महसूल नाही. इसपू ५० च्या ऑक्टोबरचा एक हुकूम आजही आहे, धान्य फक्त अलेक्झांड्रियालाच आणायचं, दुसरीकडे नेलं तर देहदंड. राजधानीत दंगा होऊ नये म्हणून खेड्यांच्या तोंडचा घास काढला, असा तो हुकूम आहे. पुढे भावाच्या बाजूच्या पोथिनस वगैरे दरबारी मंडळींनी हिला हाकललं. ही सीरियाच्या बाजूला जाऊन सैन्य जमवून परत सीमेवर येऊन उभी राहिली, वय २१.

४८ मध्ये सीझर अलेक्झांड्रियात उतरला, सोबत जेमतेम चार हजार माणसं, आणि डोक्यात बासरीवाल्याची थकबाकी. आता तो प्रसिद्ध गालिचा. गालिचा नव्हताच हो! प्लुटार्क हा जुना ग्रीक चरित्रकार जो शब्द वापरतो त्याचा अर्थ अंथरूण बांधायची पिशवी, म्हणजे आपली वळकटी. होल्डॉल. आजोबांच्या काळी प्रवासाला निघताना पट्ट्याने आवळून बांधायचे तीच. अंधार पडता पडता छोट्या होडीतून ती राजवाड्याच्या धक्क्याला लागली, सोबत अपोलोडोरस नावाचा एकच सिसिलियन माणूस, ती वळकटीत शिरली, त्याने वरून पट्टा आवळला आणि उचलून दरवाजातून आत नेली. बाहेर भावाची माणसं, सापडली असती तर तिथेच संपली असती. आपल्याच घरात चोरासारखं शिरून ती सगळ्यात मोठ्या सावकारासमोर उभी राहिली आणि आपली बाजू मांडली. याला नादी लावणं म्हणायचं?

आमच्याकडेही एखाद्या मुलीने नीट बोलून हप्ते पाडून घेतले की स्टाफमध्ये कुजबूज व्हायची, साहेबांशी गोड बोलली म्हणे. कागद सगळे तिने वाचलेले असायचे, ते कुणी सांगायचं नाही. असो.

प्लुटार्कच सांगतो की तिचं रूप काही अजोड नव्हतं, बोलणं मात्र ऐकत राहावं असं होतं. नाण्यांवर बघा, पुढे आलेलं बाकदार नाक, ठसठशीत हनुवटी. आणि जवळजवळ तीनशे वर्षं राज्य करणाऱ्या त्या ग्रीक घराण्यात इजिप्तच्या लोकांची भाषा शिकलेली ही पहिलीच!

सीझरच्या खुनानंतर रोमच्या सत्तेत वाटेकरी झालेल्या अँटनीचंही तेच. इसपू ४१ ला टार्ससला ती जांभळ्या शिडाच्या होडीतून गेली हे सगळ्यांना पाठ असतं. पण अँटनीला पार्थियावर (आजच्या इराणकडच्या राज्यावर) स्वारी करायला पैसा, धान्य आणि जहाजं हवी होती आणि ती तिच्याकडे होती. बदल्यात तिने काय मागितलं? आधी धाकटी बहीण आर्सिनोई, जी एफिससच्या देवळात आश्रयाला होती, तिचा जीव. हे मी झाकणार नाही, मला ते वाचून आजही कसंतरी होतं. पण ३७ चा हिशोब बघा: फिनिशियाचा किनारा, सिलिशियाचा जहाजांना लाकूड पुरवणारा भाग, आणि जेरिकोच्या सुगंधी बाल्समच्या बागा, ज्या तिने तिथल्याच यहुदियाच्या हेरोद राजालाच वर्षाला २०० टॅलेंटने खंडाने दिल्या. वाडवडिलांनी घालवलेलं ही जोडत होती, तेही न लढता.

बर्लिनमध्ये इसपू ३३ चा एक पपायरस आहे, ममीच्या वेष्टनात रद्दी म्हणून वापरलेला. एका बड्या रोमन माणसाला करमाफी: वर्षाला १०,००० माप गहू बाहेर न्यायला आणि ५,००० रांजण वाईन आत आणायला सूट. खाली वेगळ्या हातचा एकच ग्रीक शब्द, गिनेस्थोई, म्हणजे तसं व्हावं. आपल्याकडे मोडी कागदांवर मोर्तब सुद असायचं तसंच. काही अभ्यासकांच्या मते ते अक्षर तिचं स्वतःचं आहे. मैत्री अशी माणसामाणसाने विकत घ्यावी लागते, आणि ती रोज बसून हे कागद बघत होती.

मग ऑक्टेव्हियन, सीझरचा दत्तक वारस आणि अँटनीचा प्रतिस्पर्धी. त्याला लढायचं होतं अँटनीशी, पण रोमन माणसाविरुद्ध परत युद्ध म्हटलं की लोक बिथरणार, म्हणून ३२ मध्ये युद्ध पुकारलं फक्त हिच्याविरुद्ध. परकी बाई, आमच्या माणसाला भुलवलं. तो प्रचार होता, आणि २ सप्टेंबर ३१ ला अ‍ॅक्टियमला झालेली आरमारी लढाई तो जिंकला म्हणून आपण तो अजून फॉरवर्ड करतोय.

हरल्यावरही ती बसून राहिली नाही. जहाजं जमिनीवरून ओढून तांबड्या समुद्रात न्यायचा घाट घातला, ती नबातियन अरबांनी जाळली. सीझरपासून झालेला मुलगा सीझरियन, १७ वर्षांचा, त्याला भरपूर खजिना देऊन इथिओपियामार्गे कुठे पाठवलं माहितीये? भारताकडे! तो आपल्या किनाऱ्याला लागला असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच्या शिक्षकाने फसवून परत वळवला आणि ऑक्टेव्हियनने मारला. ही त्याआधीच, ३० च्या ऑगस्टमध्ये गेली, ३९ वर्षांची.

अँटनीपासून झालेली मुलगी सेलीनी तेव्हा दहाची. रोमच्या विजययात्रेत आईच्या पुतळ्यासोबत तिला चालवलं. पुढे आफ्रिकेतल्या मॉरेटेनियाच्या जुबा राजाशी लग्न लावून दिलं. त्या दोघांची नाणी आहेत, नवऱ्याचं नाव रोमच्या लॅटिनमध्ये आणि हिचं आईच्या ग्रीकमध्ये, बासिलिसा क्लिओपात्रा, म्हणजे राणी क्लिओपात्रा. तिच्या एका नाण्यावर मगर आहे, नाईलची.