गोधडीच्या दुकानदारांना अनाहूत सल्ला

गोधड्या शिवणाऱ्यांसाठी कापड, बॅटिंग (म्हणजे गोधडीच्या दोन कापडांमध्ये घालायचा मऊ थर), सुया-दोरे विकायचं दुकान काढलंय म्हणता? अभिनंदन. आता पहिलं काम म्हणजे गिऱ्हाइकांपासून या दुकानाचं रक्षण करणं. हे गिऱ्हाईक फार चिकित्सक असतं. ते कापड चुरगाळून बघतं, पन्हा विचारतं, धुतल्यावर किती आटेल म्हणतं आणि निम्म्या वेळा पिशवीतून चार चिंध्या काढून ‘याच्याशी जुळणारं दाखवा’ असं फर्मावतं. अशा लोकांना वेळीच आवर घातला नाही तर ते पुन्हा पुन्हा येतात. खालचे उपाय करून पाहा. बऱ्याच दुकानांत ते आधीपासून चालू आहेत आणि गुण चांगला आहे.

सुरुवात दिव्यांपासून करा. पिवळे, मंद आणि शक्यतो फडताळाच्या मागच्या बाजूला. पांढरा आणि मोतिया, काळा आणि गडद निळा यांतला फरक दुकानात कळता कामा नये. घरी दिवसाउजेडी कळेलच. कुणी तागा उचलून दाराकडे निघालं तर ‘ओ ताई, माल बाहेर न्यायचा नाही’ हे सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणावं.

माल भरताना मोठ्या फुलांचे, मध्यम रंगाचे तागे भरावेत. फक्त तेच. गोधडीवरचा नमुना उठून दिसतो तो फिकट, मध्यम आणि गडद यांच्या फरकामुळे. लाल की हिरवा हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणून फिकट आणि गडद ठेवूच नका. सगळं मध्यम असलं की महिनाभर खपून शिवलेले तारे चार हातांवरून दिसेनासे होतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्यालाच रंग कळत नाहीत. पार्श्वभूमीला लागणारं साधं, फिकट, एकरंगी कापड बहुतेक नमुन्यांत सगळ्यांत जास्त लागतं, तेव्हा त्याचा एकच तागा ठेवावा, तोही शेवटच्या सव्वा मीटरवर आलेला. कुणी मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून गडद-फिकट तपासायला लागलं तर ‘फोटो काढण्यास मनाई’ अशी पाटी लावा.

गोल पात्याचे कटर जरूर विका, त्यांची सुटी पाती कधीच ठेवू नका.

सुईच्या बाबतीत एकच धोरण: सुई म्हणजे सुई. हाताच्या सुईचा नंबर वाढला की सुई बारीक होते आणि मशिनच्या सुईचा नंबर वाढला की जाड, हे काउंटरवरच्या पोराला सांगायची काही गरज नाही. कुणी हातानं टाके घालायला आखूड ‘बिट्वीन’ नऊ-दहा नंबरच्या मागितल्या तर लांबलचक रफूची सुई पुढे करा. मशिनची 75/11 मागितली तर 90/14 द्या, वर ‘ही जास्त मजबूत आहे’ असं सांगा. पाव इंची फूट, म्हणजे काठापासून नेमक्या पाव इंचावर टीप पडावी म्हणून मशिनला लावायचा दाबपाय, मागितला तर हसा. साध्या फुटानंही होतं की! टीप नुसती एक मिलिमीटर आत पडली तर दर जोडाला दोन मिलिमीटर जातात. आठ तुकड्यांच्या ओळीत सात जोड, म्हणजे ओळ 14 मिलिमीटरनं आखूड, आणि शेजारची ओळ तिच्याशी जुळत नाही. पण ते तुमच्या दुकानात घडत नाही, त्यांच्या घरी घडतं.

बॅटिंगचा गठ्ठा आला की आधी त्याचं वेष्टन फाडून फेकून द्या. त्यावर नको ती माहिती छापलेली असते: सुती आहे, पॉलिएस्टर आहे, लोकर आहे की सूत-पॉलिएस्टरचं 80-20 मिश्रण, धुतल्यावर किती टक्के आटेल, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे टाक्यांच्या दोन ओळींत जास्तीत जास्त किती अंतर चालेल. काहींना पाच-सात सेंटिमीटरवर टाका लागतो. काहींत जाळीचा पातळ थर सुयांनी ठोकून बसवलेला असतो, त्यांना 20-25 सेंटिमीटरचं अंतरही चालतं. हे न कळता शिवलं की पहिल्या धुण्यात आतला कापूस गोळा होऊन कोपऱ्यात जातो. विचारलं तर ‘चालतं हो सगळं’ म्हणावं. शिवाय गठ्ठा उभा, घट्ट दाबून ठेवा, म्हणजे घड्या पक्क्या बसतील.

रंगाबद्दल: ‘शंभर टक्के पक्का.’ बोटभर तुकडा गरम पाण्याच्या पांढऱ्या कपात अर्धा तास टाकून बघायचा आणि निकाल ताग्याला टाचून ठेवायचा, एवढा रिकामा वेळ कुणाला आहे? गडद लाल कापड पांढऱ्याशेजारी शिवून झाल्यावर निकाल आपोआप लागतो.

आता मुख्य विषय, कापड कापणं. हे जितकं घाईत आणि फोनवर बोलत कराल तितकं उत्तम. तागा टेबलावर आपटून उलगडा. कापड काठाला काठ लावून मधोमध दुमडलेलं असतं. ते काठ खरंच एकमेकांवर बसलेत का, घडीपाशी झोळ आलाय का, हे बघायचं नाही. ताग्याचं सुटं टोक मागच्या गिऱ्हाइकाला देताना तिरकं कापलं गेलेलं असेल. ते सरळ करू नका. सरळ केलं तर त्यात जाणारं कापड तुमचं. तिरकं ठेवलं तर गिऱ्हाइकाचं. मोजायचं ते काठाकडून, जिथे टोक सगळ्यांत पुढे आलंय तिथून. मोजताना कापड टेबलावरच्या पट्टीवर चांगलं ताणून धरा, सैल सोडलं तर मापाला जास्त जातं. मग कात्री अर्धी उघडी ठेवून काठापासून घडीकडे एका दमात सरकवा. ती आतल्या बाजूला वळेल. वळू द्या.

याचा परिणाम पाहा. समजा गोधडी 150 बाय 180 सेंटिमीटरची आहे. अस्तर चारही बाजूंनी दहा-दहा सेंटिमीटर मोठं लागतं, कारण टाके घालताना थर सरकतात. म्हणजे 170 बाय 200. पन्हा 110चा, काठ सोडून हाताशी येतो 105. म्हणून 170चे दोन पट्टे शेजारी शेजारी जोडायचे, लागलं 340. गिऱ्हाईक साडेतीन मीटर मागतं, धुताना आटेल म्हणून वर दहा सेंटिमीटर धरून. घरी आणून कापड उघडलं की दोन्ही टोकं इंग्रजी व्हीसारखी. आडव्या धाग्यावर सरळ करायला एका टोकाचे सात सेंटिमीटर गेले, दुसऱ्याचे सहा. उरले 337. अजून पाण्यात बुडवलेलंही नाही, आटायचं बाकीच आहे, आणि तीन सेंटिमीटर कमी! हे आकडे पाठ आहेत, कारण नुकतेच भोगलेत. दुकानात परत जावं तर तो लॉट संपलेला. दुसऱ्या लॉटचा तोच नंबर, तोच छाप, पण निळा एक छटा हिरव्याकडे झुकलेला. ‘मागच्याच बाजूला तर जातं, कोण बघतंय?’ जो पांघरतो तो बघतो! ‘मधे एक जोड द्या की.’ जोड द्यायचाच असता तर तुमच्याकडचं सलग कापड कशाला घेतलं असतं? घरच्या चिंध्या काय थोड्या आहेत? आणि वर बोट पाटीकडे: कापलेला माल परत घेतला जाणार नाही. अहो, पण कापला कुणी? पैसे साडेतीन मीटरचे मोजून घेतलेत ना? मग चौकोनी साडेतीन मीटर द्यायचे. तिरकी कड माप म्हणून विकायची याला कापणं म्हणत नाहीत, याला लुबाडणं म्हणतात.

असो. सल्ला देत होतो.

भिंतीवर एक देखणी गोधडी टांगा. तिचं माप, नमुना आणि त्यातलं एकही कापड दुकानात मिळू देऊ नका.

पाव मीटर मागणाऱ्याला अर्ध्याखाली कापत नाही म्हणून सांगा. चाळीस वेगवेगळ्या तुकड्यांची गोधडी करणाऱ्यानं चाळीस वेळा अर्धा मीटर घ्यावा, उरलेलं डोक्यावर बांधावं. 45 बाय 55 सेंटिमीटरचे तयार तुकडे, ज्यांना फॅट क्वार्टर म्हणतात, ते कापून ठेवलेच तर सुंदर रिबिनीनं इतके घट्ट बांधा की आतलं कापड नेमकं किती लांब-रुंद आहे ते पैसे दिल्यावरच कळेल.

नवशिक्याला सगळ्यांत महागडं कापड दाखवा, मुरलेल्याला ‘हे तुम्हाला जमणार नाही’ म्हणा.

दुकानाच्या वेळा दारावर लिहा. पाळू नका.

आणि संध्याकाळी गल्ल्यावर बसून रडा, की ऑनलाइनवाल्यांनी धंदा खाल्ला. खाल्ला कसला, तुम्ही वाढून दिलात! कापड चुरगाळून त्याची वीण बघणं, आपली चिंधी शेजारी ठेवून रंग जुळवणं, ‘या बॅटिंगला टाका किती अंतरावर घालू?’ असं जाणत्या माणसाला विचारणं, या गोष्टी स्क्रीनवर होत नाहीत. त्यासाठी लोक अजून पायऱ्या चढून तुमच्याकडे येतात. त्यांना हवंय काय? दारापाशी एक पांढरा दिवा. फिकट आणि गडद कापडांचा एकेक खण. बॅटिंगचं वेष्टन, न फाडलेलं. सुयांचे चार नंबर आणि ते ओळखणारा एक माणूस. यातल्या कशालाही भांडवल लागत नाही. थोडी लाज लागते.

कापायचं कसं तेही सांगतो, कारण तुम्ही कुणाला विचारणार नाही. आधी काठ जुळवून धरा आणि एक काठ थोडा पुढे-मागे सरकवा, घडी झोळ न पडता सरळ लोंबेपर्यंत. मग ताग्याचं टोक उघडून काठापाशी बारीक चीर द्या, एक आडवा धागा ओढा, त्या रेषेवर कापून टोक सरळ करा. हे जाईल ते तुमचं. मोजायला सुरुवात त्यानंतर. कापड न ताणता पसरून मोजा, दुसऱ्या टोकालाही तसाच धागा ओढा आणि कापा. फाडून देत असाल तर तेही चालेल, फाटतं ते आडव्या धाग्यावरच. पण कडेचा सेंटिमीटरभर ओढला जाऊन विसविशीत होतो, तेवढा दोन्हीकडे जास्त सोडा. सगळं मिळून दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ फोन खाली ठेवा.

आणि अपुरं पडलेलं कापड घेऊन कुणी परत आलं तर पाटी दाखवू नका. टेबलावर पसरा, मोजा, कमी भरलं तर त्याच लॉटमधून पुरं करून द्या. लॉट संपला असेल तर मुकाट्यानं पैसे परत करा.