अमाल्फीचा किनारा एका दिवसात ‘उरकणाऱ्यांसाठी’

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या भाच्याने एका सहलीचे पत्रक टाकले. तो नोकरीनिमित्त जर्मनीत असतो आणि मे महिन्यात मित्रांबरोबर इटलीला जाणार आहे. सकाळी साडेसातला सोरेंटोहून निघायचे, पोझितानो, अमाल्फी आणि राव्हेल्लो ही तीन गावे पाहायची, वाटेत लिमोंचेल्लोच्या, म्हणजे लिंबाच्या गोड मद्याच्या, दुकानात थांबायचे आणि संध्याकाळी पाचला परत यायचे. ‘गाडीत फक्त आठ जण’ हे वर ठळक अक्षरांत. दहा मिनिटांत त्याखाली अंगठ्यांची रांग लागली आणि एका नातलगाने लिहिले, “छान आहे, एका दिवसात सगळे उरकते.” तो शब्द वाचल्यापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही. धुणीभांडी उरकतात, बँकेतले काम उरकते. ज्या किनाऱ्यासाठी माणूस वर्षानुवर्षे पैसे बाजूला टाकतो, व्हिसासाठी हेलपाटे घालतो, तो किनारा उरकायचा म्हणजे नेमके काय करायचे?

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. गेल्या मे महिन्यात आईला घेऊन मी अगदी अशाच सहलीला गेले होते. आई ७४ वर्षांची आहे, गुहागरजवळ वाढलेली आहे, आणि वडील गेल्यापासून पुण्यात माझ्याकडे असते. समुद्र दिसला नाही की तिला चुकल्याचुकल्यासारखे होते. मोठ्या बसमधली पन्नास माणसे आणि झेंडा उंचावून पुढे चालणारा मार्गदर्शक हे तिला झेपणार नाही, म्हणून मी मुद्दाम लहान गट निवडला आणि त्यासाठी मोठ्या बसच्या दुपटीहून अधिक पैसे मोजले. आठ जण म्हणजे निवांतपणा, अशी माझी समजूत होती. गट खरोखरच लहान होता, माणसे भली होती, गाडी थंडगार होती. पण घाई मात्र पन्नास जणांच्या बसची होती.

पोझितानोला आम्हाला पन्नास मिनिटे मिळाली. ज्यांनी ते गाव पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल की ते सगळेच पायऱ्यांवर बसलेले आहे. गाडी वर थांबते, समुद्र खाली असतो, आणि उतरून पुन्हा चढायचे एवढ्यातच ती पन्नास मिनिटे संपतात. सांता मारिया आस्सुंता चर्चचा हिरव्या-पिवळ्या कौलांचा घुमट आम्ही वरूनच पाहिला, अर्ध्या वाटेवरून माघारी फिरलो आणि वेळेत पोहोचलो म्हणून चालकाने आम्हाला शाबासकी दिली. आईने समुद्राला हात लावला नाही.

आणि मग ते वळण आले, ज्याच्यासाठी मी ही एवढी लांब पोस्ट लिहिते आहे.

कोंका देई मारिनी हे गाव मागे टाकून आम्ही अमाल्फीच्या अलीकडे आलो होतो. हा रस्ता एकोणिसाव्या शतकात, नेपल्सवर बुर्बोन घराण्याचे राज्य असताना डोंगर फोडून काढलेला आहे. सुमारे ५० किलोमीटरचा हा रस्ता घोडागाड्यांच्या मापाचा आहे आणि आज त्यावरून सगळे जग जाऊ पाहते. त्या वळणावर एक बस आणि मालाची एक ट्रक समोरासमोर अडकली होती. दोघांच्या आरशांत बोटभर अंतर होते. मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवत होते, आणि आमच्या चालकाने एक सुस्कारा टाकून इंजिन बंद केले. आईने विचारले, “उतरू का?” डाव्या हाताला, डोंगराच्या बाजूला, उभे राहण्यापुरती जागा होती. ती उतरली आणि थेट समोरच्या दगडी भिंतीला तिने तळवा लावला.

“चुना नाही, सिमेंट नाही. नुसते दगडावर दगड बसवलेत. आपला गडगाच की गं हा,” ती म्हणाली.

भिंतीच्या वर चेस्टनटच्या खांबांचा मांडव होता आणि मांडवाखाली लिंबे लोंबत होती. आपल्या कागदी लिंबासारखी नव्हे, तर तळहात भरून टाकणारी, दोन्ही टोकांना निमुळती झालेली, फिकट पिवळी. या जातीला तिथे स्फुसातो म्हणतात. शेजारच्या अरुंद पायऱ्यांवरून एक म्हातारे गृहस्थ खांद्यावर गोणपाटाची घडी आणि तिच्यावर लिंबांचा क्रेट घेऊन उतरले. भिंतीवर हात ठेवून उभी असलेली, नऊवारीतली नव्हे पण साडीतली एक बाई पाहून ते थांबले. त्यांनी क्रेट खाली ठेवला, खिशातून चाकू काढला, एक लिंबू उभे चिरले आणि सालीसकट जाड काप आईच्या हातावर ठेवला. आईने तो न बिचकता खाल्ला. आतला पांढरा गर बोटभर जाड असतो आणि तो कडू लागत नाही, गोडसर लागतो. मग तिने भिंतीकडे बोट दाखवून मराठीत विचारले, “कोणी बांधला?” त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि नंतर तोच हात वर, डोंगराकडे नेला. भिंतीच्या कोपऱ्यात एक दगड निसटून थोडी पोकळी पडली होती. आईने ती त्यांना दाखवली. त्यांनी मान डोलावली, दोन्ही हात पसरले आणि इटालियनमध्ये बराच वेळ काही सांगितले. आई मला म्हणाली, “पावसाआधी बसवायला हवा हा दगड. एक गेला की मागची माती सगळी घेऊन जातो.”

हे सगळे मिळून पस्तीस मिनिटांत घडले, आणि ती पस्तीस मिनिटे सहलीच्या हिशेबात ‘उशीर’ म्हणून धरली गेली.

तो उशीर भरून काढायचा म्हणून अमाल्फीला आम्हाला पाऊण तासच मिळाला. अमाल्फी हे एके काळी स्वतंत्र सागरी प्रजासत्ताक होते. पिसा आणि जेनोवा यांच्या बरोबरीने भूमध्य समुद्रात त्याची जहाजे फिरत. ११३५ आणि ११३७ मध्ये पिसाच्या लोकांनी ते लुटले, आणि १३४३ मधल्या भयंकर वादळात खालच्या गावाचा मोठा भाग समुद्राने गिळला. चौकातून मागच्या दरीत चालत गेले की जुन्या कागदगिरणीत कागदाचे संग्रहालय आहे. कापडाच्या चिंध्या पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांनी कुटून तिथे कागद बनत असे. यातले काहीही पाऊण तासात बसत नाही. आम्ही कॅथीड्रलच्या उंच पायऱ्यांवर खालीच बसलो. येशूचे शिष्य संत अँड्र्यू यांचे अवशेष त्या कॅथीड्रलच्या तळघरात आहेत. आईला आत जायचे होते, पण रांग होती आणि घड्याळ होते. लिमोंचेल्लोच्या दुकानासाठी मात्र वीस मिनिटे काढली गेली, कारण ते दुकान ‘कार्यक्रमात’ होते. मला याचाच सर्वाधिक संताप येतो. माणसाच्या हातचे लिंबू म्हणजे उशीर आणि दुकानातली बाटली म्हणजे कार्यक्रम, हे ठरवले कोणी?

राव्हेल्लो समुद्रापासून साडेतीनशे मीटर उंचीवर आहे. तिथल्या व्हिला रुफोलोच्या बागेत १८८० मध्ये जर्मन संगीतकार वाग्नर आला होता आणि आपल्या संगीतनाट्यातली जादूची बाग आपल्याला सापडली असे त्याला वाटले, एवढे चालकाने गाडीत सांगितले. बाग आम्ही फाटकातून पाहिली.

आता कोणी म्हणेल की लिंबाच्या एका फोडीचे एवढे काय घेऊन बसलात. मी घेऊन बसणारच, कारण तो किनारा त्या भिंतींवर उभा आहे. १९९७ मध्ये युनेस्कोने अमाल्फीच्या किनाऱ्याला जागतिक वारसा म्हटले ते हॉटेलांसाठी नव्हे; खडकाळ उभ्या डोंगरावर माणसांनी शतकानुशतके पायऱ्यापायऱ्यांची शेती रचली, त्या भूदृश्यासाठी म्हटले. ही लिंबे पूर्वी बायका डोक्याखांद्यावरून खाली बंदरापर्यंत वाहत. त्यांना तिथे ‘छोट्या मुंग्या’ म्हणत. आजही बऱ्याच मळ्यांत यंत्र पोहोचत नाही आणि माल खांद्यावरूनच उतरतो. मळा सोडून दिला की गडगा ढासळतो, गडगा ढासळला की पाणी वाट्टेल तसे धावते आणि डोंगर खाली येतो. १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्रीच्या पावसाने व्हिएत्री, मायोरी आणि सालेर्नोच्या परिसरात तीनशेहून अधिक माणसे गेली. २०२१ च्या फेब्रुवारीत अमाल्फीपाशी दरड कोसळून हाच रस्ता अनेक आठवडे बंद राहिला. आईला यातले काही माहीत नव्हते. तिने एक निसटलेला दगड पाहिला आणि तिला ते कळले. आमच्या गाडीतल्या उरलेल्या सात जणांना, मला धरून, फक्त ट्राफिक दिसत होता.

ज्यांच्या हातात एकच दिवस आहे त्यांनी काय करायचे, हा प्रश्न रास्त आहे हे मी मान्य करते. हेही मान्य करते की तिथल्या सार्वजनिक बसमध्ये आई तासभर उभी राहू शकली नसती आणि त्या वळणांवर मी स्वतः गाडी चालवण्याचे धाडस केले नसते. तिथली बरीच कुटुंबे पर्यटनावर जगतात, हेही खरे. पण म्हणून तीन गावे एका दिवसात कोंबलीच पाहिजेत, हे त्यातून कसे निघते? २०२२ पासून तिथे उन्हाळ्यातल्या गर्दीच्या दिवशी सम-विषम क्रमांकांचा नियम लागू करतात. खासगी गाड्यांना तो पाळावा लागतो आणि चालकासह भाड्याने घेतलेल्या गाड्यांना त्यातून सूट असते. म्हणजे रस्ता मोकळा करतात तो कोणासाठी, तर आमच्यासारख्यांसाठी, आणि आम्ही त्याच्यावरून नुसते धावत सुटतो.

इथपर्यंत लिहिले आणि थांबले, कारण एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही.

त्या वळणावर आईला दोनदा हाक मारणारी मी होते. “आई, चल, गाडी सुटेल,” असे मी पहिल्यांदा ती भिंतीला हात लावून उभी होती तेव्हा म्हणाले, आणि दुसऱ्यांदा ते गृहस्थ हात पसरून तिला काही सांगत होते तेव्हा, जरा चढ्या आवाजात. गाडी सुटणार नव्हती. समोर बस आडवी होती. चालकाने मला एका शब्दाने घाई केली नव्हती. उलट तोच बिचारा सगळ्यांची माफी मागत होता, जणू तो रस्ता त्यानेच अरुंद बांधला होता. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या घड्याळावर दुसऱ्या कोणाचा तरी हात होता. पण माझ्या घड्याळावर कोणाचाच हात नव्हता. मी पैसे मोजले होते, तीन गावे ठरली होती, आणि माझ्या आईचा त्या दिवसातला सगळ्यात आनंदाचा अर्धा तास मी तिला हाका मारत घालवला. त्या गृहस्थांचे नावसुद्धा मी विचारले नाही. आईने निघताना त्यांना वाकून नमस्कार केला. मी गाडीचे दार उघडून धरले होते.

सकाळी त्या नातलगाला ग्रुपवर मी जे उत्तर दिले ते जरा कडक झाले. तो शब्द माझ्याच मनात गेल्या मे महिन्यात होता, म्हणून तो इतका झोंबला असावा.

भाच्याला मी दुपारी फोन केला. गाडीची सहल रद्द कर आणि दोन रात्री तिथेच राहा, असे सांगितले. मे महिन्यात सालेर्नोहून अमाल्फीला बोट जाते. किनारा समुद्रातून पाहावा, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचे मळे कसे चढत गेले आहेत ते कळते. राहायला अत्रानी पाहा. अमाल्फीहून पायी दहा मिनिटांवरचे ते गाव क्षेत्रफळाने इटलीतली सगळ्यात लहान नगरपालिका आहे, आणि संध्याकाळी सहलीच्या गाड्या परतल्या की तिथल्या चौकात मुले चेंडू खेळतात. मायोरी आणि मिनोरी यांच्यामध्ये लिंबांच्या मळ्यांतून जाणारी जुनी पायवाट आहे. ती एका सकाळी चालून होते. राव्हेल्लो राहिले तर राहू दे. तो म्हणाला, “मावशी, पण मग दोन दिवस एवढ्याशा गावात करायचे काय?” मी त्याला आजीशी बोलायला सांगितले आणि फोन आईकडे दिला.

दोघे बराच वेळ बोलले. राव्हेल्लो आणि पोझितानो ही नावे आईच्या लक्षातही नाहीत. तिने त्याला लिंबाची साल टाकू नकोस म्हणून बजावले, पायात बूट घाल म्हणून सांगितले, आणि शेवटी विचारले, “अरे, तो कोपऱ्यातला दगड त्यांनी बसवला असेल का रे?” त्याने पाहून येतो म्हणून कबूल केले आहे. मी त्याला खुणा लिहून पाठवल्या आहेत: अमाल्फीहून कोंकाच्या दिशेने बसने निघालास की डोंगर तुझ्या उजव्या हाताला असेल; रस्ता अरुंद होतो त्या वळणापाशी चेस्टनटच्या खांबांचा मांडव आहे, त्याच्या खालची भिंत, पायऱ्यांच्या बाजूचा कोपरा.