चॅड आणि जेरेमी : हळू गाणाऱ्यांची किंमत

१९६४ साली ब्रिटिश गाणाऱ्यांची लाट अमेरिकेवर आदळली, तिची आठवण निघाली की गिटारचा दणदणाट आणि किंचाळणारी गर्दी एवढंच सांगितलं जातं. त्याच लाटेत जवळजवळ कुजबुजल्यासारखी गाणारी एक जोडी होती, चॅड स्टुअर्ट आणि जेरेमी क्लाइड. त्यांना ‘गोडगोड’ म्हणून बाजूला सारणं मला साफ नामंजूर आहे.

दोघं भेटले लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामामध्ये. जेरेमीला गिटार शिकवली चॅडनेच. १९६३ मध्ये एम्बर या छोट्या कंपनीसाठी संगीतकार जॉन बॅरी यांनी त्यांचं ‘यस्टरडेज गॉन’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. ते ब्रिटनमध्ये ३७व्या क्रमांकावर अडलं, अमेरिकेत पुढच्या वर्षी २१व्यावर गेलं. मायदेशी पुन्हा यश नाही. अमेरिकेत मात्र १९६६ पर्यंत ७ गाणी पहिल्या चाळिसात.

‘अ समर साँग’ (१९६४, अमेरिकेत ७वा क्रमांक) सोपं वाटतं आणि तिथेच भले भले फसतात. सी स्केलमध्ये वाजवलं तर सुरुवातीला सी, ई मायनर, एफ, जी हे चारच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) फिरत राहतात. अवघड आहे ते दोन गळ्यांचं वजन सारखं ठेवणं. एकाने आवाज चढवला की दुसरा सूर बुडतो. एकाने शेवटचा स्वर हलवला आणि दुसऱ्याने सरळ धरला, तर तेवढ्यापुरतं दोघं बेसूर वाटतात. श्वास एकाच जागी घ्या, शब्दाचं शेवटचं व्यंजन एकदम सोडा. हळू गायचं म्हणजे माइक जवळ हवा, आणि जवळ आणला की ‘स’ची शिट्टी वाजते, म्हणून तो तोंडासमोरून थोडा तिरका करा. ड्रमवाल्याला आवरलं नाही तर हे सगळं फुकट.

मग १९६५ साली घडी विस्कटली. पिट्सबर्गची वर्ल्ड आर्टिस्ट्स ही रेकॉर्ड कंपनी सोडून दोघं कोलंबिया या दुसऱ्या कंपनीकडे गेले. जुनी कंपनी हाताशी असलेलं ध्वनिमुद्रण बाजारात आणत राहिली, म्हणजे त्यांची स्पर्धा त्यांच्याशीच. कोलंबियाकडचं ‘बिफोर अँड आफ्टर’ हे गाणं अमेरिकेत १७व्या क्रमांकापर्यंत पोचलं, पण त्याच वर्षी जेरेमी ‘पॅशन फ्लॉवर हॉटेल’ या संगीतनाटकासाठी लंडनला परतला. चॅडने पत्नी जिलसोबत गाऊन पोकळी भरून काढायचा प्रयत्न केला. दोन माणसांच्या जोडीत एक जण रंगभूमीकडे ओढला गेला की मागे उरतं ते अर्धं गाणं. ‘बॅटमॅन’ या टीव्ही मालिकेत खलनायिका कॅटवुमन त्यांचे आवाज चोरते, तो भाग अजूनही सगळ्यांना आठवतो. संगीताची आठवण फार थोडे काढतात.

आणि याचंच मला वाईट वाटतं, कारण त्यांचं सर्वात धाडसी काम त्यानंतरचं आहे. १९६७ चा अल्बम ‘ऑफ कॅबेजेस अँड किंग्ज’, निर्माता गॅरी अशर. रेकॉर्डची दुसरी अख्खी बाजू ‘प्रोग्रेस सूट’ या पाच भागांच्या रचनेला दिलेली. पियानो, बासरी, बँजो वाजवणारा चॅड सतार आणि तबलाही हाताळायचा, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? विक्री झाली नाही. १९६८ मध्ये ‘द आर्क’ हा अल्बम आला आणि जोडी फुटली. जेरेमीने अभिनय धरला. १९८३ मध्ये पुन्हा एक अल्बम, नंतर बरीच वर्षं एकत्र कार्यक्रम. चॅड २० डिसेंबर २०२० ला गेला.

पहिल्यांदा ऐकणार असाल तर आधी ‘अ समर साँग’, आणि तिथून थेट ‘प्रोग्रेस सूट’. पाचही भाग सलग ऐका, हेडफोन लावून.